सार्डीनच्या डब्याची कुळकथा



आज मीं बोलावयास घेतलेला विषय तळहातावर मावेल एवढा आहे. तो म्हणजे सार्डीनचा डबा. शहरांतील मोठ्या दुकानांत मुरंबे, लोणचीं आणि बिस्किटांचे पुडे यांच्या शेजारीं गोलसर कोपऱ्यांचा हा चपटा डबा आपण पाहिलेला असेल. जे मासळी खातात त्यांनीं तो केव्हां तरी उघडलाही असेल. झाकण मागें वळवितांच रुपेरी अंगाचे पांचसहा मासे, एकाचा खांदा दुसऱ्याच्या शेपटीशीं, सोनेरी तेलांत निजलेले दिसतात. त्यांचा कांटा काढावा लागत नाहीं. तो शिजून इतका मऊ झालेला असतो कीं दांतांखालीं जाणवतही नाहीं. भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर एक मासा ठेवावा, लिंबाचे दोन थेंब पिळावे, मिरपूड भुरभुरावी, आणि डब्यांतील तेल वायां न दवडतां तेंही पावाला लावावें. अवेळीं आलेल्या पाहुण्यापुढें चूल न पेटवितां ठेवतां येईल असा याहून चवदार जिन्नस मला तरी ठाऊक नाहीं. ज्यांच्या घरीं मासळी वर्ज्य आहे त्या श्रोत्यांची मी आरंभींच क्षमा मागतों. परंतु माझें आजचें बोलणें स्वयंपाकाविषयीं थोडें आणि इतिहासाविषयीं अधिक आहे, तेव्हां त्यांनींही तें ऐकावयास हरकत नसावी.

या डब्यावर नांवें पुष्कळ छापलेलीं असतात. माशाचें नांव असतें, तेलाचें असतें, कारखानदाराचें असतें, देशाचें असतें. ज्या हातांनीं हे मासे एकामागून एक निवडले, साफ केले आणि ओळीनें मांडले, त्या हातांच्या मालकिणीचें नांव मात्र कोठेंच नसतें. ती कोण होती, आणि डब्यावर नाहीं तरी इतिहासांत तिचें नांव कोठें लागतें का, हें आज आपण पाहूं.

प्रथम माशाची ओळख करून घेऊं. अटलांटिक महासागराच्या पूर्व किनाऱ्यावर आणि भूमध्य समुद्रांत मिळणारा हा मासा आपल्या तारलीचा दूरचा भाऊबंद होय. ज्यांनीं तारली खाल्ली आहे त्यांना सार्डीनचा स्वभाव निराळा सांगावयास नको. दोहोंच्याही अंगांत तेल पुष्कळ. दोन्ही थव्यांनीं राहतात. येतात तेव्हां समुद्र भरून येतात आणि रुसतात तेव्हां वर्षानुवर्षें तोंड दाखवीत नाहींत. मलबारच्या किनाऱ्यावर तारलीचा सुकाळ झाला म्हणजे पूर्वीं तिचें तेल काढीत आणि उरलेला चोथा नारळीच्या मुळांशीं खत म्हणून घालीत. इतकी मासळी ताजी खाणारीं तोंडें किनाऱ्यावर नसत आणि ती दूर नेण्याचें साधनही नव्हतें. तेलकट मासा फार लवकर नासतो. पहाटे पकडलेला संध्याकाळीं नकोसा होतो. समुद्राचें दान एका रात्रींत मातीमोल होऊं नये यासाठीं काय करावें, हा प्रश्न जगांतील सर्वच किनाऱ्यांवरील लोकांपुढें होता.

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नांवाचा प्रांत आहे. तेथील मासेमार सार्डीन मिठांत मुरवीत आणि पिंपांत दाबून भरून दूरदूर विकीत. नांत या बंदराच्या आसपास याहून चोखंदळ अशी एक रीत होती. मासे तळून मातीच्या भांड्यांत रचावयाचे आणि वर लोणी किंवा तेल ओतून तीं भांडीं बंद करावयाचीं. चव उत्तम, परंतु भांडें जड, तशांत फुटणारें, आणि मासाही फार दिवस टिकेल असा भरंवसा नाहीं.

या अडचणींतून वाट दाखविली ती एका मिठाईवाल्यानें. निकोला आपेर हा १७४९ मध्यें जन्मला. पॅरिस शहरांत त्याचें मिठाईचें दुकान होतें. १७९५ च्या सुमारास त्यानें आपले प्रयोग आरंभिले. जाड काचेच्या बाटलींत भाजी, मांस किंवा फळें भरावीं, बूच घट्ट बसवून तारेनें बांधावें आणि ती बाटली ठराविक वेळ उकळत्या पाण्यांत ठेवावी, एवढीच त्याची युक्ति. १८१० मध्यें फ्रेंच सरकारनें त्याला १२,००० फ्रँक दिले; मात्र आपली रीत त्यानें पुस्तकरूपानें सर्वांस खुली करावी अशी अट घातली, आणि त्यानें ती पाळली. पदार्थ टिकतो तो कां, हें मात्र त्यालाही नीट सांगतां येत नव्हतें. सूक्ष्म जंतु उष्णतेनें मरतात म्हणून तो टिकतो, हा उलगडा लुई पाश्चरच्या संशोधनानें पुढें १८६० नंतरच्या काळांत झाला. तोंवर आपेर हयात नव्हता; १८४१ मध्यें तो गरिबींत वारला होता.

त्याच १८१० सालीं लंडनमध्यें पीटर ड्युरँड यानें अशाच रीतीचें पेटंट घेतलें, आणि त्यांत काचेबरोबरच कल्हईच्या पत्र्याचीं भांडींही नमूद केलीं. १८१३ मध्यें ब्रायन डॉन्किन आणि जॉन हॉल यांचा डबे भरण्याचा कारखाना तेथें चालूं झाला. गंमत अशी कीं डबा आधीं आला आणि तो उघडण्याचें हत्यार त्यानंतर चाळीसएक वर्षांनीं आलें. मधल्या दोन पिढ्यांनीं हातोडा आणि छिन्नी घेऊनच जेवणाला बसावें असा तो काळ होता!

सार्डीन आणि डबा यांची गांठ घालून दिली ती नांत येथील जोसेफ कोलँ यानें. हाही मिठाईवालाच. १८२४ मध्यें त्यानें नांत बंदरांत सार्डीनचा कारखाना थाटला. गांवांतील जुनी तळण्याची रीत, आपेरची उकळण्याची रीत आणि पत्र्याचा डबा या तिहींचा त्यानें मेळ घातला. पुढें हा धंदा किनाऱ्यानें पसरत गेला. दुआर्नने या लहानशा बंदरांत पहिला कारखाना १८५३ मध्यें निघाला, आणि पुढील पन्नास वर्षांत तें गांव सार्डीनची राजधानीच होऊन बसलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. आज हा डबा साधें, सोईचें अन्न म्हणून ओळखला जातो. परंतु एकोणिसाव्या शतकांत ऑलिव्हच्या तेलांतील सार्डीन ही श्रीमंतांच्या मेजावरील चैन होती. मासा गरिबाच्या जाळ्यांतला, पण डबा श्रीमंताच्या घरचा.

आतां आपण दुआर्ननेच्या कारखान्यांत शिरूं. फ्रेंच भाषेंत या कारखान्यांना तळणघरें म्हणत, आणि तें नांव अगदीं यथार्थ होतें. होड्या धक्क्याला लागल्या म्हणजे गल्लीगल्लींतून हांका मारीत बायकांना बोलावणें जाई. मग दिवस असो वा मध्यरात्र असो, लांकडी बुटांचा खडखडाट करीत बायका कारखान्याकडे धांवत. मासा थांबत नाहीं म्हणून त्यांनाही थांबून चालत नसे. लांब टेबलांशीं उभ्या राहून त्या एका झटक्यांत माशाचें डोकें आणि त्याबरोबर आंतडें काढीत. मग मासे मिठाच्या पाण्यांत ठेवावयाचे, धुवावयाचे, तारेच्या जाळ्यांवर मांडून वाऱ्यावर सुकवावयाचे, उकळत्या तेलांत तळून निथळूं द्यावयाचे आणि निवल्यावर डब्यांत एकेक करून रचावयाचे. मोडलेला मासा चालत नसे. कातडी फाटलेली चालत नसे. वर ताजें तेल ओतलें कीं डबा पुरुष कारागिरांकडे जाई. ते झाकणाला डाख देऊन तो बंद करीत आणि शेवटीं बंद डबे उकळत्या पाण्यांत ठेवीत. बायकांचें काम मजुरीच्या हिशोबांत किरकोळ समजलें जाई. पण डबा उघडतांच आपण ज्या सुबक मांडणीचें कौतुक करतों ती सारी त्यांच्याच बोटांची होती.

या बायकांना त्यांच्या ब्रेटन भाषेंत ‘पेन सार्दीन’, म्हणजे ‘सार्डीनचें डोकें’, असें म्हणत. त्यांच्या डोक्याला घट्ट बसणाऱ्या पांढऱ्या टोपीलाही तेंच नांव पडलें. कायद्याची मनाई असतांही दहाबारा वर्षांच्या मुली आईच्या शेजारीं उभ्या असत. मासळी पुष्कळ आली तर दिवसाचें काम रात्रींत आणि रात्रीचें दुसऱ्या दिवसांत शिरे. झोंप येऊं नये म्हणून त्या एका सुरांत गात. देवाचीं गाणीं गात, प्रेमाचीं गात, आणि पुढें पुढें आपल्या हक्काचींही गाऊं लागल्या. १९०५ पर्यंत त्यांची मजुरी हजार माशांवर ठरे, तासांवर नव्हे. मासे मोजणार मालकाचीं माणसें; तेव्हां हजार म्हणजे किती, याविषयीं बायकांच्या मनांत नेहमींच संशय असे. त्या वर्षीं त्यांनीं संप केला आणि तासावर मजुरी मिळविली. दुआर्ननेच्या बायकांचा हा पहिला मोठा विजय होय.

परंतु हा विजय मिळाला तो फार वाईट दिवसांत. १९०२ पासून सार्डीननें ब्रिटनीच्या किनाऱ्याकडे पाठ फिरविली होती. जाळीं कोरडीं राहूं लागलीं, कारखाने बंद पडूं लागले, आणि ज्या गांवांना दुसरा धंदाच नव्हता त्या गांवांत उपासमार आली. शेजारच्या कोंकार्नो गांवीं मासेमारांच्या कुटुंबांच्या साहाय्यासाठीं १९०५ मध्यें ‘निळ्या जाळ्यांचा उत्सव’ सुरू झाला. सार्डीन धरण्याचीं जाळीं निळ्या रंगाचीं असत म्हणून हें नांव. त्यांतच डबे बंद करणारीं यंत्रें आलीं आणि डाख देणाऱ्या कारागिरांची शतकाची विद्या एका दिवसांत निरुपयोगी ठरली. १९०९ मध्यें कोंकार्नो येथें या कारागिरांनीं तीं यंत्रें फोडून टाकलीं. पण यंत्रें पुन्हां आलीं, कारागीर पुन्हां आले नाहींत. कित्येक कारखानदार तर त्यापूर्वींच पोर्तुगाल आणि स्पेनच्या किनाऱ्याकडे वळले होते. तेथें मासा होता आणि मजुरी कमी होती.

आतां दुसरी एक लढाई सांगतों. ती लंडनच्या न्यायालयांत झाली. नॉर्वेमधील स्टाव्हांगर येथील कारखानदार ब्रिसलिंग नांवाचा लहानसा मासा धुरावून तेलांत घालीत आणि ‘सार्डीन’ म्हणून विकीत. हा मासाही चवदार, पण सार्डीन नव्हे. फ्रेंच व्यापाऱ्यांच्या बाजूनें इंग्लंडांत फिर्याद झाली, आणि १९१५ मध्यें निकाल लागला कीं ब्रिसलिंगला नुसतें सार्डीन म्हणतां येणार नाहीं. आयात करणारे अँगस वॉटसन यांना आपल्या डब्यांवरील तो शब्द सोडावा लागला. या नांवाचा तंटा तेथें मिटला नाहीं. युरोपीय समुदायानें १९८९ मध्यें नियम करून डब्यावरील ‘सार्डीन’ हें नांव एकाच जातीच्या माशापुरतें राखून ठेवलें. पेरू देशानें त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली, आणि २००२ मध्यें निकाल पेरूच्या बाजूनें लागला. देशाचें वा जातीचें नांव जोडून आपल्या माशालाही सार्डीन म्हणावें, एवढाच पेरूचा आग्रह होता. माशाला काय म्हणावें यासाठीं देशोदेशींचे वकील उभे राहिले. त्यांत गैर कांहींच नाहीं. गिऱ्हाइकाची फसवणूक होऊं नये हें योग्यच आहे. परंतु त्याच काळांत डबा भरणारीच्या एका तासाला काय म्हणावें, हा वाद कोणी लढविला, तें आतां ऐका.

१९२४ चा नोव्हेंबर महिना. पहिलें महायुद्ध संपून सहा वर्षें झालीं होतीं आणि जिनसांचे भाव चढलेले होते. दुआर्ननेच्या कारखान्यांत बाईच्या एका तासाची किंमत ८० सांतीम, म्हणजे फ्रँकाचा पांचांत चारवा हिस्सा होती. २१ नोव्हेंबरला डबे तयार करणाऱ्या कारखान्यांत प्रथम संप झाला, आणि चारपांच दिवसांत गांवांतील सारीं तळणघरें बंद पडलीं. सुमारें दोन हजार माणसें संपावर होतीं आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. त्यांची मागणी एकच: तासाला सव्वा फ्रँक. गांवच्या बोलींत पाव फ्रँकाला रेआल म्हणत. म्हणून ‘पांच रेआल मिळालेच पाहिजेत’ अशी त्यांची घोषणा. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका हातांत हात घालून रोज धक्क्यावरून गात जात. त्यांच्यांतील कित्येकींना फ्रेंच नीट बोलतां येत नसे आणि लिहितां त्याहून कमी.

या गांवानें १९२१ मध्येंच फ्रान्समधील पहिला कम्युनिस्ट नगराध्यक्ष निवडला होता. संपाच्या वेळीं त्या जागीं दानिएल ल फ्लांशेक होते; त्यांनीं संपकऱ्यांची बाजू उघडपणें घेतली. पॅरिसहून कामगार संघटनेचे कार्यकर्ते आले. त्यांत ल्युसी कोलियार या बाईही होत्या. त्यांनीं या संपावर पुढें एक पुस्तिका लिहिली. मालक बोलणीं करावयास तयार नव्हते. बाहेरून संप फोडणारे लोक आणले गेले, आणि १९२५ च्या पहिल्याच दिवशीं एका पेयगृहांत गोळीबार होऊन ल फ्लांशेक यांच्या गळ्याला गोळी लागली. ते वांचले. परंतु त्या गोळीनें मालकांची बाजू उभ्या देशांत लंगडी केली. ६ जानेवारीला तडजोड झाली. बायकांना तासाला एक फ्रँक, पुरुषांना दीड फ्रँक. जादा वेळेच्या आणि रात्रीच्या कामाला चढा दर. संघटना करण्याचा हक्क. आणि संपांत भाग घेतला म्हणून कोणालाही कामावरून काढावयाचें नाहीं. पांच रेआल मिळाले नाहींत, चार मिळाले. पण सहा आठवडे उपाशी राहून मिळविलेले ते चार रेआल त्यांना थोडे वाटले नाहींत.

आतां आरंभीं विचारलेल्या प्रश्नाकडे येतों. या हजारों हातांपैकीं कोणाचें नांव कागदावर चढलें का? एकीचें चढलें. जोझेफिन पेंकाले ही दुआर्ननेची एक विधवा कामगार बाई. संपांत ती होती. १९२५ च्या मे महिन्यांत नगरपालिकेची निवडणूक झाली, तेव्हां कम्युनिस्ट पक्षानें तिचें नांव आपल्या यादींत घातलें. त्या वेळीं फ्रान्समध्यें स्त्रियांना मतदानाचाही हक्क नव्हता, मग निवडून येण्याचा कोठून असणार! तरी दुआर्ननेच्या पुरुषांनीं तिला मतें दिलीं आणि ती निवडून आली. कांहीं महिने ती सभेंत बसली. नोव्हेंबरमध्यें फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायासनानें ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून तिची निवड रद्द केली. फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९४४ मध्यें, आणि त्यांनीं पहिलें मत दिलें १९४५ मध्यें. पेंकाले १९७२ पर्यंत जगली. आज ब्रिटनींत तिची आठवण आदरानें काढतात. पण ज्या कागदावर तिचें नांव चढलें होतें त्यावरून तें खोडलें गेलें होतें, हेंही इतिहासानें विसरूं नये.

हें सारें ऐकल्यावर सार्डीन खाऊंच नये, असें माझें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. उलट, ती अधिक लक्षपूर्वक खावी असें मी म्हणेन. दुआर्ननेचा १८५३ मधील शांसरेल हा कारखाना अद्याप चालू आहे, आणि ब्रिटनींतील उत्तम प्रतीच्या डब्यांत मासे अजूनही हातानेंच रचले जातात. जाणकार लोक ऑलिव्हच्या तेलांतील चांगला डबा विकत आणून लगेच उघडीत नाहींत. आपल्याकडे लोणचें जसें मुरूं देतात तसा ते तो थंड जागीं ठेवतात आणि दर कांहीं महिन्यांनीं उलटतात, म्हणजे तेल सर्व माशांत सारखें उतरतें. दोनचार वर्षांनीं मासा लोण्यासारखा मऊ होतो, आणि तेल कोठें संपलें व मासा कोठें सुरू झाला हें जिभेला सांगतां येत नाहीं. घरीं करून पाहाण्याजोगी ही गोष्ट आहे. मात्र फुगलेला किंवा गंजलेला डबा कधींही खाऊं नये, तो टाकून द्यावा.

आणि असा डबा जेव्हां उघडाल, तेव्हां क्षणभर थांबून आंतील ओळ पाहा. सारे मासे एका मापाचे, एकाही माशाची कातडी फाटलेली नाहीं, प्रत्येकाचा रुपेरी भाग वर आलेला. ही ओळ समुद्रानें लावलेली नाहीं, आणि कारखानदारानेंही नाहीं. ती कोणी लावली हें आतां आपणांस ठाऊक आहे. मग लिंबू पिळा आणि खुशाल खा.